मिस्टर इंडिया
विज्ञान-अद्भुतरम्य साहसकथेवर आधारलेला हिंदी बोलपट. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत निर्माण झालेला हा चित्रपट २५ मे १९८७ रोजी प्रदर्शित झाला. निर्माता बोनी कपूर, दिग्दर्शक शेखर कपूर, लेखन सलीम-जावेद, छायालेखन बाबा आझमी, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल. प्रमुख भूमिका अनिल कपूर, श्रीदेवी व अमरीश पुरी यांच्या आहेत.

अनाथ मुलांचा सांभाळ करणाऱ्या अरुण या निर्धन तरुणाला, त्याच्या शास्त्रज्ञ पित्याने बनविलेले अदृश्य होण्याचे यंत्र मिळते व त्याच्या साहाय्याने तो भारत जिंकू पाहणाऱ्या मोगॅम्बोशी झुंज देतो.

अदृश्य मानवाची कल्पना नवी नव्हती. एच. जी. वेल्स यांची द इन्‌व्हिजिबल मॅन (१८९७) ही कादंबरी प्रसिद्धच आहे. हिंदीत ख्वाब की दुनिया (१९३७) व मिस्टर एक्स इन बॉम्बे (१९६४) हे बोलपट येऊन गेले होते. वेल्सच्या नायकाला अदृश्यता सत्तांध करते. येथे मात्र ती समाजाच्या खिजगणतीत नसलेल्या माणसाच्या हाती येते आणि भेसळ करणाऱ्या व्यापाऱ्याला शासन करण्यासारख्या कामी लागते. यंत्राची शास्त्रीय उपपत्ती पटकथा देत नाही. पण लाल प्रकाशात अदृश्य व्यक्ती दिसते, हा एक नियम ती पाळते व त्यातूनच उत्कंठा आणि विनोद निर्माण होतात. पीटर परेरा यांनी संगणकाच्या साहाय्याविना साधलेली दृश्यचमत्कृती आजही परिणामकारक वाटते.

चित्रपट सदोष नाही असे नव्हे. त्याची लांबी जवळजवळ तीन तासांची असून मधले विनोदी प्रसंग रेंगाळतात. बाँबस्फोटात लहानग्या टीनाचा होणारा मृत्यू हा यातील सर्वांत धीट प्रसंग. परंतु त्याचे गांभीर्य पुढील हाणामारीत विरून जाते. तथापि अखेरच्या संघर्षात यंत्र नायकाजवळ नसते. तो उघडपणे, सामान्य माणूस म्हणूनच जिंकतो. चित्रपटाच्या नावाची सार्थकता या शेवटात आहे.

प्रेक्षकांनी चित्रपटाचे उत्स्फूर्त स्वागत केले. त्या वर्षीच्या सर्वाधिक उत्पन्नाच्या हिंदी चित्रपटांत त्याची गणना होते. अमरीश पुरींचा मोगॅम्बो नायकाहूनही अधिक लोकांच्या स्मरणात राहिला. १९८९ मध्ये तमिळ व कन्नड भाषांत त्याची रूपांतरे झाली. त्या सुमारास फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले नव्हते. श्रीदेवींना या व नगीना (१९८६) या चित्रपटांतील अभिनयाबद्दल २०१३ मध्ये विशेष पुरस्कार देण्यात आला. विज्ञानापेक्षा अद्भुताकडे अधिक झुकलेला असूनही, भारतीय परिस्थितीत रुजलेली विज्ञानकथा म्हणून या चित्रपटाचे महत्त्व टिकून आहे.