वृद्धांचा प्रथिनाहार आणि शारीरिक कार्यक्षमता : उपलब्ध पुराव्यांची चिकित्सा

प्रास्ताविक
वाढत्या वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान व बळ घटत जाते. या ऱ्हासास आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ ही संज्ञा सुचविली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. ‘प्रॉट-एज’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २०१३ मध्ये वृद्धांसाठी हे प्रमाण १.० ते १.२ ग्रॅम असावे असे सुचविले. ‘प्रथिने वाढवा, कार्यक्षमता टिकेल’ हे विधान मात्र या शिफारशीच्याही पुढे जाते. स्नायू किती उरतात आणि माणूस काय करू शकतो, हे दोन भिन्न प्रश्न त्यात एकत्र केले जातात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

निरीक्षणात्मक पुरावा
या संदर्भात अमेरिकेतील पिट्सबर्ग व मेम्फिस येथील ‘हेल्थ एबीसी’ अभ्यासाचा आधार वारंवार घेतला जातो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विश्लेषणात ७० ते ७९ वयोगटातील २,०६६ व्यक्ती होत्या. सर्वाधिक प्रथिने घेणाऱ्या पंचमांश गटात तीन वर्षांतील मेदविरहित वस्तुमानाची घट सर्वांत कमी प्रथिने घेणाऱ्या गटापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली. निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु येथे मोजले गेले ते वस्तुमान, चालण्याची वा जिना चढण्याची क्षमता नव्हे. शिवाय आहाराची माहिती प्रश्नावलीवरून घेतलेली होती. आजारपणामुळे भूक मंदावली की आहार आणि स्नायू दोन्ही घटतात. अशा वेळी सहसंबंधास कार्यकारणभाव समजणे धोक्याचे ठरते.

प्रायोगिक पुरावा
२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिमेन’ चाचणीत शारीरिक मर्यादा असलेल्या ९२ वृद्ध पुरुषांना सहा महिने दर किलोमागे ०.८ अथवा १.३ ग्रॅम प्रथिनांचा नियंत्रित आहार देण्यात आला. अधिक प्रथिनांमुळे मेदविरहित वस्तुमान, बळ वा कार्यक्षमता यांपैकी कशातही वाढ झाली नाही. तत्पूर्वी, १९९४ मध्ये, बोस्टनमधील शुश्रूषागृहातील १०० दुर्बल वृद्धांवर फियातारोन व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला होता. दहा आठवड्यांच्या प्रतिरोधी व्यायामाने स्नायूबळ ११३ टक्क्यांनी वाढले, चालण्याचा वेगही सुधारला. केवळ पोषक पेय घेणाऱ्यांची दुर्बलता मात्र कमी झाली नाही. सार्कोपेनियाच्या व्याख्येसंबंधी युरोपीय कार्यगटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुधारित मसुद्यात वस्तुमानाऐवजी बळाच्या अभावास अग्रस्थान दिले, ते याच दिशेने जाणारे आहे.

मर्यादा
या पुराव्याचा विपर्यासही होऊ नये. ऑप्टिमेनमधील कमी प्रथिनांच्या गटासही ०.८ ग्रॅमची हमी होती, चाचणी केवळ पुरुषांवर व सहाच महिने झाली, आणि बोस्टन येथील पेयात पिष्टमय पदार्थांचेच प्रमाण अधिक होते. ज्या वृद्धेच्या ताटात भाकरी आहे पण डाळ नाही, तिला हा निष्कर्ष लागू होत नाही. पन्नास किलो वजनास ०.८३ च्या हिशेबाने रोज सुमारे ४१ ग्रॅम प्रथिने लागतात. तीस ग्रॅम कोरड्या तूरडाळीतून त्यांपैकी जेमतेम सात ग्रॅम मिळतात. ज्वारी-बाजरीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. ती उणीव डाळ, दूध वा अंडे भरून काढते.

निष्कर्ष
गरजेपेक्षा कमी खाणाऱ्या वृद्धांना पुरेशी प्रथिने मिळणे हा पोषणाचा आणि न्यायाचा प्रश्न आहे. जे पुरेसे खातात त्यांच्या बाबतीत, केवळ प्रथिने वाढवून चालणे-उठणे सुधारते हे सिद्ध झालेले नाही; तेथे व्यायामाचा पुरावा अधिक भक्कम आहे. पहिल्या गटाची उणीव दाखवून दुसऱ्या गटास महागडी प्रथिन-भुकटी विकणे शास्त्रीय ठरत नाही. म्हणून वृद्धांच्या आहारविषयक कोणत्याही शिफारशीची पारख करताना प्रथम दोन गोष्टी विचाराव्यात : मूळ सेवन किती होते, आणि अखेरीस मोजले काय?