वहीतून बाहेर पडलेला निबंध

१८५५ साली ‘ज्ञानोदय’च्या दोन अंकांत मिळून एक निबंध छापून आला. शीर्षक होते ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’. लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याने पुण्यात चालवलेल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली किशोरवयीन मुलगी. आज या निबंधाचा उल्लेख होतो तो बहुधा ‘पहिल्या दलित लेखिकेचे लेखन’ म्हणून. सावित्रीबाईंचा होतो तो ‘पहिल्या शिक्षिका’ म्हणून. ‘पहिली’ हा मान मोठा आहे, पण तो दिला की वाचन तिथेच संपते. सावित्रीबाईंवर शेणमाती फेकली गेली हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती झेलत त्या ज्या वर्गात पोचत, तिथे शिकवले कसे जात असेल, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. मुक्ताबाईंचा निबंध हाच मला त्या वर्गाचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

निबंधाची बांधणी पाहा. आरंभी धर्माविषयीचा युक्तिवाद आहे. वेद जर एकाच वर्णाच्या मालकीचे असतील आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आम्ही धर्मरहितच ठरतो, असा निष्कर्ष ही मुलगी प्रतिपक्षाच्याच विधानातून काढते. मग पेशवाईतल्या जुलमांची आठवण येते; इमारतींच्या पायात माणसे पुरल्याची हकिगत येते. त्यानंतर डोक्यावर छप्पर नसताना, ऊन-पाऊस-थंडीत बाळंत होणाऱ्या स्त्रियांचे दुःख येते. जातीच्या दुःखाची मोजदाद बाईच्या देहापर्यंत नेणारा हा भाग मला निबंधाचे मर्म वाटतो. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि शिका म्हणून सांगते. या सगळ्यात ‘मी’ थोडा आणि ‘आम्ही’ फार आहे. आपली करुण कहाणी सांगून ती दया मागत नाही. ती पुरावा मांडते, प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट पाहते.

त्याच १८५५ साली जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. पोटुशी बाई आणि तिचा नवरा असे एक कुणबी जोडपे ग्रहदशेच्या भीतीने भटजीकडून लुबाडले जाते आणि अखेरीस रात्रशाळेत शिकायला जायचे ठरवते. या नाटकातले शिक्षण नोकरीसाठी नाही. आपण कसे फसवले गेलो हे उमगण्याचे ते साधन आहे. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात दीर्घकाळ शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी २०१० साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधल्या आपल्या निबंधाला याच नाटकाचे नाव दिले आणि फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनाची मांडणी केली. जात आणि लिंगभाव हे केवळ अभ्यासाचे विषय नाहीत, ते वर्गातल्या बाकांवर आणि शिक्षकाच्या खुर्चीवरही बसलेले असतात, हे भान मला त्या मांडणीने दिले.

भान आले म्हणून आचरण आले असे नाही. तालुक्याच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवत होते. मुक्ताबाईंचा निबंध शिकवून झाल्यावर मी वर्गाला सांगितले, “आता तुम्ही तुमच्या अनुभवाविषयी लिहा.” मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. “मॅडम, आमचं आम्ही लिहू. तुम्ही तुमचं काय लिहिणार?”

तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. रात्री मात्र तो प्रश्न पाठ सोडेना. वर्गातल्या दलित-भटक्या मुलींनी आपले दुःख उघडे करावे, मी ते सहानुभूतीने वाचावे आणि त्याला गुण द्यावेत, यात सत्ता कुणाची होती? अमेरिकन स्त्रीवादी लेखिका बेल हुक्स यांनी ‘टीचिंग टू ट्रान्सग्रेस’ या १९९४ च्या पुस्तकात म्हटले आहे की, जी जोखीम शिक्षक स्वतः घेत नाही ती त्याने विद्यार्थ्यांकडून मागू नये. हे वाक्य मी पूर्वी अधोरेखित करून ठेवले होते. त्याचा अर्थ त्या मुलीने मला शिकवला.

मग मी लिहायला बसले. काय लिहायचे ते शोधताना जे हाती आले ते फार साधे होते. आमची शेवटची तासिका पाच वीसला संपे आणि खेड्यांकडे जाणारी शेवटची गाडी सव्वापाचला सुटे. ती गाठायची म्हणून मुली तास अर्ध्यावर सोडून जात, आणि आम्ही त्यांना ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा देत असू. ही वेळ ठरली होती जिल्ह्याच्या गावाहून येणाऱ्या आम्हा प्राध्यापकांच्या सोयीने, आणि वेळापत्रक समितीत मीही होते. एवढेच मी लिहिले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवले. वर्ग बराच वेळ गप्प होता.

व्यावहारिक मराठीच्या पेपरात अर्जलेखन असते. दरवर्षी मुले कुठल्यातरी काल्पनिक पुस्तक भांडाराला मागणीपत्र लिहितात. त्या वर्षी त्यांनी प्राचार्यांना खरा अर्ज लिहिला. कोणत्या गावची कोण, घरापासून फाटा किती लांब, गाडी चुकली तर अंधारात किती चालावे लागते, किती तास बुडाले, हे सगळे त्यांनी तक्त्यात मांडले. ‘नम्र विनंती’ लिहायचे की ‘मागणी’, यावर एक अख्खी तासिका वाद झाला. शब्दांच्या छटांवर इतकी जिवंत चर्चा मी त्याआधी घेतली नव्हती. अर्जाखाली माझीही सही होती. पुढच्या सत्रात वेळ बदलली. पण तो प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी तोवर यायची थांबली होती. घरच्यांनी तिचे लग्न ठरवले होते.

म्हणून मला विजयकथा सांगायची नाही. स्त्रीवादी अध्यापन आणि चळवळ यांचे नाते सांगताना आपण बहुधा विद्यार्थ्यांना मोर्चात नेणाऱ्या शिक्षकाचे चित्र काढतो, किंवा मग अभ्यासक्रमात एक घटक वाढवून समाधान मानतो. दुसरा प्रकार आता सर्रास झाला आहे. ज्या लेखनाने व्यवस्थेला प्रश्न विचारला, त्यावर आपण पाच गुणांची टीप मागतो. मुक्ताबाईंचा निबंध वेगळी वाट दाखवतो. तो वहीत राहिला नाही. तो छापला गेला, शाळेबाहेरच्या अनोळखी वाचकांसमोर गेला. वर्गात शिकलेली भाषा, ज्याला उत्तर द्यावे लागेल अशा कुणापर्यंत पोचते, तिथे अध्यापनाची चळवळ होते. सावित्रीबाईंनाही या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या नाहीत. १८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच त्या गेल्या. वर्गात जे दिसले त्याच्या मागे त्या वर्गाबाहेर गेल्या.

पण या वाटेची एक अट आहे, आणि ती मला मागच्या बाकावरून कळली. विद्यार्थिनीचे वाक्य बाहेर जाण्याआधी शिक्षकाचे वाक्य वर्गात यावे लागते, आणि तेही स्वतःची सोय जिथे उघडी पडते तिथले. आता मी निवृत्त आहे. तरी मुक्ताबाईंचा निबंध पुन्हा उघडला की त्यातल्या प्रश्नांआधी मला तोच प्रश्न ऐकू येतो: तुम्ही तुमचं काय लिहिणार?