'मूळ' आणि 'संयुक्त' : एका व्याख्येची शब्दपरीक्षा

मूळ संख्येची शालेय व्याख्या पुष्कळदा अशी आढळते : जिला १ व ती संख्या स्वतः यांखेरीज अन्य कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. सकृद्दर्शनी ही निर्दोष वाटते. परंतु 'व' हे अव्यय जोडलेली पदे भिन्नच असतील अशी हमी देत नाही. १ च्या बाबतीत ही दोन्ही पदे एकच होत. तेव्हा व्याख्येच्या शब्दांप्रमाणे १ ही बिनदिक्कत मूळ ठरते. 'जिला दोनच विभाजक असतात' असे म्हणताच ती वगळली जाते. येथे सारा भार 'च'वर आहे, कारण नुसते दोन विभाजक १२ चेही दाखविता येतात.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. १२ = २ × २ × ३; क्रम सोडल्यास मूळ अवयवांची ही फोड एकमेव आहे. १ ला मूळ मानल्यास तिने कितीही वेळा गुणून अशा फोडी अगणित होतील. तरीही अमेरिकन गणिती डी. एन. लेहमर यांच्या १९१४ च्या कोष्टकात १ ची गणना मूळ संख्यांत आहे.

परिभाषेपुरते मराठीचे पारडे जड म्हणावे लागेल. हिंदीतील 'अभाज्य' नुसता नकार सांगतो; 'मूळ' घटकत्व सुचवितो, आणि 'संयुक्त' हे पद जोडाक्षरे गिरविलेल्या विद्यार्थ्यास परके नाही. ('वर्गमूळा'तील 'मूळ' निराळे, एवढे मात्र बजावावे लागते.) तथापि नावावरून पारख होत नाही. ९१ मूळ भासते. २, ३, ५ यांनी भाग जात नाही, ७ ने जातो व १३ उरतात.