दार कुणाचे, पाहुणा कोण? : सायप्रसची दोन पुस्तके आणि मोसे खोऱ्यातील लवासा

मावळात अनोळखी माणसाला हाक मारायची तर ‘पाव्हणं’ म्हणतात. ‘कुठलं गाव, पाव्हणं?’ एवढ्या एका प्रश्नात परका माणूस ओसरीवर येतो. ग्रीक भाषेत ‘झेनॉस’ या शब्दाची हीच तऱ्हा आहे. परका तोही झेनॉस आणि पाहुणा तोही झेनॉस; आतिथ्याला त्यांचा शब्द आहे ‘फिलोझेनिया’. एकमेकींशी काही संबंध नसलेल्या दोन ग्रामसंस्कृतींनी परक्याला आणि पाहुण्याला एकच शब्द द्यावा, याचे मला फार दिवस कुतूहल होते. माझा तर्क असा की, परक्याला पाहुणा म्हटले की यजमानाबरोबर त्याच्यावरही बंधन येते. पाहुण्याने वाढलेले गोड मानून खावे, कणगीत दाणे किती उरले ते विचारू नये आणि वेळेवर उठावे. हे न पाळणाऱ्यांसाठी आपल्याकडे म्हण आहेच : भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.

परदेशी जाऊन खेड्यात राहिलेल्यांनी लिहिलेल्या पुस्तकांची समीक्षा करताना ही म्हण हाताशी ठेवावी असे मला वाटते. अशा पुस्तकांत आतिथ्याचे वर्णन भरपूर असते, पण ते पाहुण्याने केलेले असते. यजमान हसतमुख, गरीब आणि उदार. त्याच्या मनात काय चालले होते ते पाहुणाच सांगणार. यजमानाला ‘नाही’ म्हणता येत होते का, हा प्रश्न या पुस्तकांना कुणी विचारत नाही.

या प्रकारातले गाजलेले पुस्तक म्हणजे लॉरेन्स डरेल यांचे ‘बिटर लेमन्स’ (1957). डरेल यांचा जन्म 1912 चा, आपल्या जालंधरचा. कॉर्फू आणि ऱ्होड्स या ग्रीक बेटांवर राहून झाल्यावर 1953 मध्ये ते सायप्रसला गेले. सायप्रस तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होते. कायरेनियाजवळच्या बेलापाइस या डोंगरातल्या गावी त्यांनी घर घेतले. साबरी नावाचा तुर्की दलाल आणि घराची मालकीण यांच्यातल्या घासाघिशीचा प्रसंग इंग्रजी विनोदी गद्याचा नमुना म्हणून आजही वाचला जातो. चौकातले ‘आळसाचे झाड’, गुत्त्यातली दारू, म्हाताऱ्यांच्या गप्पा, सगळे अगदी जिवंत उतरले आहे. डरेल यांना ग्रीक उत्तम येत होते आणि माणसांवर त्यांचा जीव होता, यात मला शंका नाही.

पण एक प्रसंग नीट पाहावा. गुत्त्यात फ्रांगोस नावाचा दांडगा गावकरी इंग्रजांच्या नावाने बोटे मोडत असतो. डरेल त्याला सांगतात की, माझा भाऊ थर्मोपिलीला ग्रीकांच्या खांद्याला खांदा लावून लढताना मेला. फ्रांगोस विरघळतो आणि पेला पुढे येतो. भाऊ मुळात मेलेलाच नसतो; तो आफ्रिकेत प्राणी गोळा करत असतो. डरेल वाचकापासून हे लपवत नाहीत, उलट मिश्कीलपणे सांगतात. मला मात्र तो पेला घशाखाली उतरत नाही. यजमानाने दार उघडले ते एका मृत्यूचा मान राखून, आणि तो मृत्यू खोटा होता. पुढे 1954 साली हाच पाहुणा वसाहत सरकारचा प्रसिद्धी सल्लागार होतो. 1 एप्रिल 1955 रोजी ‘एओका’ संघटनेचा सशस्त्र लढा सुरू होतो, गाव हळूहळू अबोल होते आणि 1956 मध्ये डरेल बेट सोडतात. गावाच्या या अबोल्याकडे पुस्तक मैत्री तुटल्याचे दुःख म्हणून पाहते. यजमानाला उशिरा सुचलेला नकार म्हणूनही तो वाचता येतो.

तो नकार पुढे शब्दांत आला. सायप्रसचे कवी कोस्तास मोंतीस यांनी 1964 मध्ये ‘बंद दारे’ या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरिका लिहिली. ‘क्लोज्ड डोअर्स’ या नावाने तिचा इंग्रजी अनुवाद झाला आणि ‘बिटर लेमन्स’ला दिलेले उत्तर म्हणूनच ती ओळखली जाते. तिचा तरुण निवेदक लढ्याच्या वर्षांत एका साध्या घरात काय घडले ते सांगतो. डरेल यांच्याइतकी नजाकत तिच्यात नाही. वाक्ये कोरडी आहेत, विनोद कमी आहे. पण डरेल चौकातून ज्या दारांकडे पाहत होते, त्या दारांच्या आत काय चालले होते ते इथे कळते. दोन पुस्तके शेजारी ठेवल्याशिवाय पहिल्याचे मूल्यमापन पुरे होत नाही, असे माझे मत आहे.

आपल्या मराठी प्रवासवर्णनाची जातकुळी वेगळी आहे. पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ घ्या किंवा लंडनला संसार केलेल्या मीना प्रभु यांची ‘तुर्कनामा’ आणि ‘ग्रीकांजली’ घ्या. हे लेखक पाहुणे म्हणून जातात, पाहुणचाराची आठवण घेऊन निघतात. गावात घर विकत घेत नाहीत आणि मागे सत्ताही उभी नसते. त्यामुळे त्यांचे लेखन भाबडे वाटले तरी त्यात डरेल यांची अडचण येत नाही. मग घर घेणाऱ्या पाहुण्याचा प्रश्न मराठी मुलखात आला कुठे? तो साहित्यात येण्याआधी मोसे खोऱ्यात आला.

लवासा हे मुळात गावाचे नावच नाही. कंपनीने आधी ‘पर्ली ब्ल्यू लेक रिसॉर्ट्स’, मग ‘लेक सिटी’ आणि शेवटी ‘लवासा’ अशी नावे घेतली. 1996 च्या गिरिस्थान धोरणानुसार 2001 मध्ये मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतली 18 गावे गिरिस्थान म्हणून जाहीर झाली. त्यांपैकी दासवे येथे पहिले नगर उभे राहिले, ते इटलीतल्या पोर्टोफिनो या कोळ्यांच्या गावाच्या धर्तीवर. पाण्याकाठी रंगीत इमारतींची रांग, कमानी, फिरायला काठाकाठाने वाट. डरेल यांच्यासारख्यांनी इंग्रजी वाचकाच्या मनात भूमध्य समुद्राकाठच्या आळसावलेल्या, उन्हात न्हालेल्या गावाचे जे चित्र रंगवले, त्याच जातीचे चित्र इथे सिमेंटात उतरले. फरक एवढाच की, डरेल यांना म्हातारे, गुत्ता आणि झाड आयते मिळाले होते. इथे देखावा उचलला गेला, त्यातला यजमान आला नाही. पोर्टोफिनोचे रंग आहेत, पण त्याच्या धक्क्यावर जाळे विणणारा कोळी नाही.

खरे तर यजमान होता, आणि तो एकदा पाहुणचार करून बसला होता. ज्या जलाशयाकाठी हे नगर आहे तो वरसगाव धरणाचा. मोसे नदीचे पाणी पुण्याला मिळावे म्हणून खोऱ्यातली शेते पाण्याखाली गेली, आणि जलाशयाला नाव मिळाले वीर बाजी पासलकरांचे. शिवकाळात याच खोऱ्याची देशमुखी पासलकरांकडे होती. पाण्याने उरलेली गावे वर सरकली आणि त्या वरच्या जमिनीलाच पुढे तळ्याच्या देखाव्याची किंमत आली. जमीनखरेदीबद्दल गावकऱ्यांच्या तक्रारी झाल्या. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, वर्षभराने सशर्त परवानगी मिळाली. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मग घरासाठी पैसे भरलेली मंडळीही दारात ताटकळली. आयुष्यभराची पुंजी घालणारा निवृत्त माणूस खलनायक नव्हे. पण तोही अशा घरी पाहुणा म्हणून आला, जिथे दार उघडायला कुणी उरले नव्हते. याच नगरात हॉटेल व्यवसायाचे, म्हणजे आतिथ्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली होती, ही नोंद टीका म्हणून करत नाही. आतिथ्य शिकवता येते. ‘पाव्हणं’ म्हणून हाक मारण्याचा हक्क मात्र त्या गावात ज्याचे घर आहे त्यालाच असतो.

मोंतीस यांच्यासारखे उत्तर मराठीत नाही असे नव्हे. याच मुळशीत 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. ‘जान किंवा जमीन’ हे त्या दाराआडून आलेले वाक्य आहे. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (1991) धरणग्रस्ताला कादंबरीच्या मध्यभागी बसवले. आपले समीक्षक तिला विस्थापनाची कादंबरी म्हणतात, ते बरोबरच आहे. मी तिला यजमानाची कादंबरीही म्हणेन. पाणी, वीज, शहर यांसाठी ज्याने वाट दिली, त्याने आपल्याच मुलखात पुनर्वसनाच्या दारोदार पाहुण्यासारखे उभे राहावे, हे तिच्यातले खरे दुःख आहे.

बेलापाइसचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. 1974 च्या तुर्की लष्करी कारवाईत बेट दुभंगले आणि गावातल्या ग्रीक रहिवाशांना गाव सोडावे लागले. डरेल यांनी ज्यांच्याबरोबर पेला रिचवला त्यांच्या कुटुंबांची घरे दुसऱ्यांकडे गेली. डरेल यांचे घर मात्र आजही पर्यटकांना दाखवतात. पाहुण्याचे स्मारक राहिले आणि यजमान उठून गेले. पुस्तकाच्या गोडव्याचा यात काही दोष नाही. पण त्या गोडव्याने वाचकाला कुणाचे नाव लक्षात ठेवायला शिकवले, हे समीक्षेने विचारायला हवे.

मोसे खोऱ्यावर उद्या कुणी लिहील. घर घेतलेला लिहील, सुट्टीला आलेला लिहील, कदाचित परदेशी स्थायिक झालेला एखादा मराठी माणूसही लिहील. त्याने सुंदर लिहावे. फक्त दासवे, मुगाव, धामणओहोळ ही नावे ‘पोर्टोफिनो’च्या आधी लिहावीत, आणि आपल्याला पाव्हणं म्हणून हाक कुणी मारली, की कुणीच मारली नाही, हे खरे सांगावे.