लुगड्यावरचा सदरा : मराठवाड्यातील स्त्रीच्या रस्त्यावरील वेशाची चिकित्सा

प्रस्तावना :
वेश ही समाजातील स्थान सांगणारी एक भाषा आहे. स्त्रीच्या बाबतीत ही भाषा बहुधा इतरांनीच ठरविलेली दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील हिप-हॉप संगीत आणि स्केटबोर्ड यांच्या वर्तुळातून सैल सदरा, हुडी, रुंद विजार व कॅनव्हासचे बूट असा 'स्ट्रीटवेअर' नावाचा वेश पुढे आला. मुळात पुरुषी असलेला हा वेश स्त्रियांनी स्वीकारला, तेव्हा पारंपरिक स्त्रीवेशाला पर्याय म्हणून त्याकडे पाहिले गेले. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) गुलमंडी, निराला बाजार या भागांत अशा वेशातील महाविद्यालयीन मुली आज दिसतात. हा पर्याय आपल्याकडे बाहेरूनच आला काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
या परिसराच्या वस्त्रपरंपरेचा विषय निघाला की पैठणी आणि हिमरू या दोन वस्त्रांचेच नाव घेतले जाते. पैठणीचा जरीकाठ, पदरावरील मोर यांचे कौतुक योग्यच आहे. परंतु हे समारंभाचे वस्त्र आहे. रोजच्या कष्टाचे वस्त्र अभ्यासकांच्या नजरेतून निसटते. मराठवाड्यात कापूस वेचणारी, ऊस तोडणारी किंवा बांधकामावर घमेले उचलणारी स्त्री लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा घालते. उसाच्या पात्याची धार, पऱ्हाट्यांचे ओरखडे आणि ऊन यांपासून तो हातांचे रक्षण करतो. त्याला खिसा असतो. लुगड्यात पैसे पदराच्या गाठीत किंवा कनवटीला ठेवावे लागत. सदऱ्यामुळे मजुरीचे पैसे व मोबाइल ठेवण्याची हक्काची जागा तिला मिळाली. शहरातील मुलीच्या सैल सदऱ्याला 'फॅशन' म्हणायचे आणि मजूर स्त्रीच्या सदऱ्याला नावही द्यायचे नाही, हा आपल्या समीक्षेतील वर्गभेद होय.

या दोघींच्या मध्ये दुचाकीवरील नोकरदार स्त्री उभी आहे. सनकोट, हातमोजे आणि डोळे सोडून सारा चेहरा झाकणारा स्कार्फ हा तिचा वेश. उन्हाधुळीसाठी घेतलेले हे आवरण तिला अनोळखी राहण्याची मुभाही देते. मात्र रस्त्यावर मोकळेपणाने वावरण्यासाठी चेहरा झाकावा लागणे, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. मजूर स्त्रीचा सदरा ही गरज आहे, निवड नव्हे. मग त्याला पर्याय कसे म्हणावे? आक्षेपात तथ्य आहे. तथापि पर्यायाचा अर्थ वेशावरून ठरत नाही, तो नेसणारीच्या स्थानावरून ठरतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना, जातीची ओळख सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत व तसे दागिने सोडून देण्याचे आवाहन केले. त्या स्त्रियांसाठी घोट्यापर्यंत नेसलेले लुगडे हेच बंड होते. ज्या पारंपरिक वेशातून एक स्त्री बाहेर पडू पाहते, तोच वेश दुसरीला प्रतिष्ठेचा वाटू शकतो. बाबासाहेबांच्या प्रेरणेने १९५० मध्ये याच शहरात उभ्या राहिलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या वारशात वाढलेल्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

निष्कर्ष :
सैल सदरा घातला म्हणून स्त्री मुक्त होत नाही आणि पैठणी नेसली म्हणून ती बद्ध ठरत नाही. वेशाची कसोटी तीन प्रश्नांत आहे : त्यात तिला काम करता येते काय, निर्धास्तपणे चालता येते काय, आणि तो बदलण्याचा निर्णय तिचा आहे काय? लुगड्यावरचा सदरा पहिल्या प्रश्नाला होकार देतो. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे समाजाने द्यावयाची आहेत. वस्त्रपरंपरेच्या अभ्यासात पैठणीच्या शेजारी या सदऱ्यालाही जागा मिळाली, तर तो अभ्यास अधिक प्रामाणिक होईल.