इतिहासाचे मौन आणि कादंबरीतील माणूस

१

कादंबरीतील एखादे पात्र वाचकाच्या मनात वर्षानुवर्षे का टिकून राहते, ह्या प्रश्नाला आपल्या समीक्षेने सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर निरीक्षणाचे. लेखकाने भोवतालची माणसे बारकाईने पाहिली, त्यांची बोली, लकबी, स्वभावातील विसंगती टिपली आणि त्यांतून पात्र उभे केले, असे हे मत आहे. दुसरे उत्तर ध्येयाचे. लेखकाच्या जीवनदृष्टीतील एखादे मूल्य त्या पात्राच्या ठायी साकार झाले, म्हणून ते मनावर ठसले, असे हे दुसरे मत सांगते. पहिल्या उत्तराच्या आहारी गेलेला अभ्यासक प्रत्येक पात्रामागील 'मूळ व्यक्ती' हुडकीत बसतो. दुसऱ्याच्या आहारी गेलेला पात्राला एका विधानाचे वाहन समजतो. दोन्ही उत्तरांत तथ्यांश आहे. परंतु दोहोंच्या मुळाशी एक समान गृहीत दडलेले आहे: पात्र लिहिण्यापूर्वीच ते लेखकाला पुरतेपणी ठाऊक असते, आणि लेखन म्हणजे त्या ज्ञानाचे कागदावर उतरणे.

हे गृहीत मला संशयास्पद वाटते. ते तपासून पाहण्यास ऐतिहासिक कादंबरीइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. सामाजिक कादंबरीत लेखकाजवळ मुळात काय होते आणि त्याने पदरचे काय घातले, हे सांगणे दुरापास्त असते. ऐतिहासिक कादंबरीची सामग्री मात्र सर्वांसाठी खुली असते. कोरीव लेख, पत्रे, बखरी कोणालाही पाहता येतात. साधनांची हद्द कोठे संपली आणि कल्पनेचा प्रांत कोठे सुरू झाला, ह्याचा शोध घेता येतो. म्हणून प्रस्तुत लेखात एक तमिळ आणि दोन मराठी कादंबऱ्या शेजारी ठेवून हा प्रश्न पाहण्याचे योजिले आहे.

२

चेन्नई शहराच्या गिंडी भागातील औद्योगिक वसाहतीच्या परिसरात ज्या तमिळ साप्ताहिकाची कचेरी पुढील काळात दीर्घकाळ होती, ते 'कल्की' साप्ताहिक १९४१ साली निघाले. रा. कृष्णमूर्ती (१८९९–१९५४) हे त्याचे संपादक. 'कल्की' हेच त्यांचे टोपणनाव. त्यांची 'पोन्नियिन् सेल्वन्' ही पाच भागांची कादंबरी ह्याच साप्ताहिकात १९५० ते १९५४ ह्या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि ती पुरी झाल्यावर काही महिन्यांतच कल्की निवर्तले. मणिरत्नम् यांनी २०२२ आणि २०२३ साली दोन भागांत तिच्यावर चित्रपट काढला, तेव्हा प्रेक्षकांतील असंख्य लोक पडद्यावरील चेहरे आपल्या मनातील चेहऱ्यांशी ताडून पाहत होते. सत्तर वर्षांनंतर असा ताळा घ्यावासा वाटणे, हीच त्या पात्रांच्या चिरंजीवित्वाची साक्ष होय.

कादंबरीचे नाव ज्याच्यावरून पडले तो अरुळमोळी वर्मन, म्हणजेच पुढे राजराज म्हणून विख्यात झालेला चोळ सम्राट. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर हे त्याचे कर्तृत्व. असे असता कादंबरीचा आरंभ त्याच्यापासून होत नाही. आडी महिन्याच्या अठराव्या दिवसाच्या सणाला वीरनारायण तलावाच्या बांधावरून घोड्यावर बसून चाललेला एक तरुण आपल्याला प्रथम भेटतो. हा वंदियदेवन. राज्य गमावलेल्या घराण्याचा वंशज, खिशाने रिकामा, जिभेने तिखट, आणि युवराज आदित्य करिकालन् याने सोपविलेले निरोप पोचविण्यास निघालेला. पाच भागांचा एवढा अफाट पसारा बव्हंशी ह्या निरोप्याच्या डोळ्यांनी आपण पाहतो.

ह्या वंदियदेवनाविषयी इतिहासाला काय ठाऊक आहे? जवळजवळ काहीच नाही. राजराजाची वडील बहीण कुंदवै ही वल्लवरैयर वंदियदेवाची राणी होती, एवढा उल्लेख तंजावरच्या मंदिरातील कोरीव लेखात सापडतो. माणसाचे नाव आणि नाते, इतकेच. आता ह्याच मंदिराच्या आवारात मराठी वाचकाला परिचित असा दुसरा एक लेख आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा तो विस्तृत मराठी शिलालेख होय. त्यात पिढ्यांमागून पिढ्यांची हकीकत आहे. एकाच मंदिरात एकीकडे असा भरगच्च वंशवृत्तान्त, तर दुसरीकडे एक उघडे नाव. इतिहाससंशोधक साहजिकच पहिल्याकडे वळेल. कल्कींची प्रतिभा दुसऱ्याकडे वळली. नावापलीकडे काहीच नोंदलेले नसल्यामुळे त्या माणसाला चुकण्याची, खोटे बोलण्याची, घाबरण्याची, प्रेमात पडण्याची मुभा मिळाली. राजराजाला ती मुभा मिळणे अवघड होते. त्याचे मंदिर त्याच्याआधीच वाचकासमोर उभे होते.

मात्र केवळ मोकळीक पुरेशी नसते. निव्वळ मोकळिकीतून अद्भुतकथेतला राजपुत्र निर्माण होतो, जो काहीही करू शकतो आणि म्हणून ज्याच्या करण्याला काही मोल नसते. वंदियदेवनाच्या मानेवर निरोपाचे जू आहे. धन्याचा शब्द त्याला पाळायचा आहे, आणि ज्या कुंदवैला तो निरोप पोचवितो तिच्या ओढीने त्याच्या निष्ठेला दुसरे टोक फुटते. बडबडण्याची खोड आणि गुपित राखण्याचे कर्तव्य एकाच माणसाच्या वाट्याला आले की प्रत्येक भेटीत, प्रत्येक धर्मशाळेत ताण आपोआप उत्पन्न होतो. 'वंदियदेवन विनोदी आहे, धाडसी आहे' अशी गुणांची यादी केल्याने तो लक्षात राहत नाही. गुप्ततेची गरज असलेल्या प्रसंगी त्याच्या तोंडून काय निसटेल ह्याची धास्ती आपल्याला वाटते, आणि त्या धास्तीमुळे तो लक्षात राहतो.

नंदिनीचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. तिला कोरीव लेखातील नावाचाही आधार नाही. ती सर्वस्वी कल्पित. परंतु ती जेथे उभी आहे ती जागा इतिहासाने रिकामी सोडलेली आहे. आदित्य करिकालन् याचा वध झाला हे खरे. उडैयारकुडीच्या कोरीव लेखात वधाशी संबंधित द्रोह्यांची नावे आहेत आणि त्यांच्या मालमत्तेविषयीचा हुकूम आहे. वधामागील हेतूचा उलगडा मात्र त्यात नाही. कल्कींनी ह्या न उलगडलेल्या हेतूला देह दिला. वृद्ध पळुवेट्टरैयराची तरुण पत्नी, करिकालनाची एके काळची प्रेमपात्र, आणि ज्याचे शिर त्याने घेतले त्या पांड्य राजाच्या सूडाची धनीण, अशा तीन नात्यांच्या पेचात नंदिनी सापडली आहे. तिच्या जन्माचे रहस्य कादंबरी अनेकदा उकलू पाहते, आणि प्रत्येक उकल पुढच्या उकलीने डळमळीत होते. करिकालनावर अखेरचा घाव कोणाच्या हातून पडला, हेही कल्की अंधारातच ठेवतात. हे कथानकाचे वैगुण्य आहे असे मानणारे टीकाकार असतील. मला ते शहाणपण वाटते. जेथे इतिहास मौन राखतो तेथे कादंबरीकारही एका मर्यादेपलीकडे बोलत नाही, आणि म्हणून नंदिनी वाचकाच्या मनात संपत नाही.

तमिळ न जाणणाऱ्या वाचकाला ही कादंबरी अनुवादातूनच वाचावी लागते. भाषेची रुची त्यात बरीच लोपते. पण वंदियदेवन आणि नंदिनी अनुवादातही तगतात, ह्यावरून एवढे म्हणता येते की त्यांचे जिवंतपण शब्दकळेपेक्षा त्यांच्या परिस्थितीच्या रचनेत अधिक आहे.

साप्ताहिकातील क्रमशः लेखनाचाही येथे वाटा आहे. आठ दिवसांच्या खंडानंतर वाचकाला पात्र चटकन ओळखू आले पाहिजे, म्हणून लेखक त्याला एखादी ठळक खूण देतो. मणियम् यांच्या चित्रांनी ह्या पात्रांना चेहरेही दिले. परंतु खुणेने पात्र ओळखू येते, एवढेच. ते स्मरणीय होण्यास आणखी काही लागते. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली सपाट आणि भरीव पात्रांचा जो भेद केला, त्यातील मर्म हेच आहे की भरीव पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करते. क्रमशः लिहिणाऱ्या लेखकालाही आपले पात्र पुढील आठवड्यात काय करील हे नेहमीच पुरते ठाऊक नसते. चांगल्या लेखकाच्या हाती ही अनिश्चितता दोष न ठरता साधन ठरते.

३

मराठी वाचकाला हे सर्व सर्वस्वी नवे वाटू नये. हरि नारायण आपटे यांनी साठ वर्षे आधी, १८९० साली निघालेल्या 'करमणूक' पत्रातून, हाच मार्ग चोखाळला होता. त्यांची 'उषःकाल' कादंबरी (१८९५–९७) शिवकालाच्या आरंभाची आहे. पण तिच्या केंद्रस्थानी शिवाजीमहाराज नाहीत. तेथे आहेत सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा आणि त्यांचा मुलगा नानासाहेब. बापाने आयुष्यभर विजापूरच्या बादशहाचे मीठ खाल्लेले. मुलाचे मन नव्या उठावाकडे ओढलेले. स्वामिनिष्ठा हा गुण आहे की गुलामी, हा प्रश्न एका घराच्या ओसरीवर येऊन उभा राहतो. महाराज जितके पडद्याआड, तितका हा प्रश्न तीव्र. रंगराव अप्पा चुकीच्या बाजूला आहेत हे वाचकाला ठाऊक असते, तरी त्यांचा अधिक्षेप त्याच्याने करवत नाही. येथे हरिभाऊंनी आपल्या काळाला कौल देण्याची घाई केली नाही. रंगरावांच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे रास्तच आहे, आणि हरिभाऊ त्यांना ते पुरतेपणी म्हणू देतात.

थोर पुरुष पार्श्वभूमीला आणि सामान्य माणूस पुढे, ही रचना वॉल्टर स्कॉटने 'वेव्हर्ली'त (१८१४) रूढ केली, हे सर्वश्रुत आहे. कल्की आणि हरिभाऊ दोघेही ह्या परंपरेचे वारस होत. पण केवळ परंपरेचे अनुकरण म्हणून त्याकडे पाहिले तर त्यामागील कारण नजरेआड होते. थोर पुरुषाविषयी वाचक आधीच निर्णय घेऊन बसलेला असतो. सामान्य माणसाविषयी त्याला तो पानापानाला घ्यावा लागतो. हा निर्णय घेण्याचा उद्योग म्हणजेच पात्राशी जडलेला परिचय.

४

१९६० नंतरच्या मराठी ऐतिहासिक कादंबरीने ही वाट बव्हंशी सोडली. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. तेव्हापासून थोर पुरुषच कादंबरीचा नायक असावा हा जणू दंडकच झाला. 'स्वामी'चे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे घेणारा, चुलत्याच्या महत्त्वाकांक्षेशी झगडणारा आणि १७७२ साली थेऊर येथे सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने देह ठेवणारा माधवराव हा मुळातच शोकात्म नायक आहे. परंतु कादंबरी वाचून वर्षे लोटल्यावर मनात काय उरते, ह्याचा प्रत्येकाने प्रांजळपणे शोध घ्यावा. दरबार, मसलती, स्वाऱ्या ह्यांची चित्रे धूसर होतात, कारण ती आपल्याला बखरींतून आणि पत्रव्यवहारांतून आधीच ठाऊक होती. उरतात ते माधवराव आणि रमाबाई यांच्या एकान्ताचे प्रसंग, म्हणजे नेमके तेच, ज्यांविषयी दप्तरे फारसे बोलत नाहीत. 'स्वामी'देखील अशा रीतीने आपल्या सिद्धान्ताला दुजोराच देते.

पण येथेच तिची मर्यादाही दिसते. इतिहासाने रमाबाईच्या अंतरंगाविषयी मौन राखले. तिचा शेवट मात्र सांगून ठेवला. ती सती गेली. कादंबरीकाराने त्या शेवटाला संपूर्ण रमाबाई वाहून टाकली. तिचा प्रत्येक शब्द, प्रत्येक व्रत, प्रत्येक अश्रू त्या चितेची पूर्वतयारी होऊन येतो. कधी क्षणभर तिला जगावेसे वाटले असेल, कधी पतीचा राग आला असेल, कधी थेऊरच्या त्या दिवसांत भीतीने तिचे पाय लटपटले असतील, ही शक्यता कादंबरी मनावर घेत नाही. भक्तीच्या तेजाने रमाबाईची मूर्ती उजळते, आणि त्याच तेजात तिच्यातली स्त्री दिसेनाशी होते.

हीच गोष्ट हरिभाऊंच्या यमूशी ताडून पाहावी. 'पण लक्षात कोण घेतो?' मधील यमूचे भवितव्यही तिच्या समाजाने आधीच लिहून ठेवलेले होते. विधवेच्या वाट्याला काय येते हे १८९० च्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. तरीही यमू हसते, रुसते, शिकू पाहते, नवऱ्याबरोबरच्या थोड्याशा सुखाच्या दिवसांत पुढचे काही ठाऊक नसल्यासारखी रमते. केशवपनाचा प्रसंग म्हणून असह्य होतो. जी मुलगी निराळ्या तऱ्हेने जगू शकली असती तिचीच हानी वाचकाला हानी वाटते.

अपवाद नाहीत असे नाही. ना. सं. इनामदारांनी 'झेप'मध्ये (१९६३) इतिहासाने ज्याला दूषणे दिली त्या त्रिंबकजी डेंगळ्याला नायक केले आणि वाचकाला पुन्हा निर्णय घेण्यास भाग पाडले. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाभोवती अनेकांचे निवेदन गुंफले. पण एवढ्या कंठांतून बहुधा एकाच थोरवीचे स्तवन उमटते, हा त्यातील पेच आहे. दृष्टिकोन अनेक झाले म्हणजे माणूस अनेक अंगांनी दिसतोच असे नव्हे.

५

ह्या विवेचनाचे तात्पर्य ऐतिहासिक कादंबरीपुरते मर्यादित नाही. आपल्या काळात साधने वाढली आहेत, संशोधन सुलभ झाले आहे, आणि ऐतिहासिक पुरुषांविषयीचा आपला जिव्हाळा अधिक हळवा झाला आहे. ह्या दोहोंचा भार कादंबरीकारावर पडतो. माहितीची विपुलता त्याला सांगते की रिकामी जागा उरलीच नाही. आदर त्याला बजावतो की उरली असली तरी तेथे पाऊल टाकू नये. हे दोन्ही निर्बंध त्याने निमूटपणे पत्करले तर त्याच्या हातून चरित्र होईल, स्तोत्रही होईल. माणूस होणार नाही. आणि ज्या थोर पुरुषावरील प्रेमापोटी हे सर्व घडते, त्याच्याविषयीच अखेर आपले कुतूहल नाहीसे होते. पूजनीय मूर्तीला आपण नमस्कार करतो, तिच्याशी बोलत मात्र नाही.

'पोन्नियिन् सेल्वन्' संपली तेव्हा शेवट अपुरा वाटून वाचकांनी पात्रांचे पुढे काय झाले अशी विचारणा केली, आणि कल्कींना उपसंहारात त्यांची समजूत घालावी लागली. वरवर पाहता हा लेखकाविषयीचा असंतोष होता. वास्तविक त्याहून मोठी पावती कोणत्या लेखकाला मिळणार? ज्या वंदियदेवाचे हजार वर्षे केवळ नाव उरले होते, त्याचे पुढे कसे होईल म्हणून लोक काळजीत पडले. आपल्याकडे माधवरावाची, संभाजीची, कर्णाची काळजी कोणी करीत नाही. त्यांचा शेवट आपल्याला पाठ आहे, आणि आपल्या कादंबरीकारांनी तो क्षणभरही विसरू दिलेला नाही. रमाबाईला एकदा तरी चितेविषयी काही ठाऊक नसलेली मुलगी म्हणून पाहणारा लेखक मराठीत यावा, एवढीच अपेक्षा येथे नोंदवितो.