रात्रीची शिरगणती : ठाणें आणि कल्याण-डोंबिवली

ज्या ग्रंथाचें परीक्षण करण्याचें आम्हीं आज योजिलें आहे, त्याच्या मुखपृष्ठावर कोणा लेखकाचें नांव नाहीं. तो लिहिण्यासाठीं शाळामास्तर घरोघर हिंडले. वाचण्यास मात्र फारसें कोणी पुढें आलें नाहीं. हा ग्रंथ म्हणजे २०११ सालच्या खानेसुमारीचीं कोष्टकें. आणि त्यांतील जो अध्याय आम्हीं निवडला आहे, तो ठाणें आणि कल्याण-डोंबिवली या दोन महानगरपालिकांचा. कथा-कादंबऱ्यांच्या पंगतीस आंकड्यांचें पुस्तक कां बसवावें, असें वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, या उपनगरांतील कुटुंबांविषयीं जें कांहीं अधिकारवाणीनें बोललें जातें, पाणी किती द्यावें, शाळा किती असाव्या, गाड्या किती सोडाव्या, त्या सर्वांचा मूळ आधार हींच कोष्टकें होत. २०२१ सालीं व्हावयाची खानेसुमारी महामारीमुळें लांबणीवर पडली, आणि पुढील गणनेचा मुहूर्त म्हणून सरकारनें १ मार्च २०२७ हा दिवस जाहीर केला. म्हणजे दीड तपाजवळ एकाच जुन्या पोथीवर या गांवांचा संसार चालावयाचा. अशी पोथी तपासून पाहणें हें टीकाकाराचें कर्तव्यच ठरतें.

प्रथम गुणग्रहण. एखाद्या कादंबरीकारास चार खंडांतहि आटोपली नसती अशी कथा या आंकड्यांनीं चार ओळींत सांगितली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली. दुसऱ्या वर्षीं, १८५४ च्या मे महिन्यांत, रूळ कल्याणपर्यंत पोहोंचले. परंतु रूळ आले म्हणून वस्ती लगोलग आली, असें झालें नाहीं. त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकानें, १९०१ च्या खानेसुमारींत, ठाण्याची लोकसंख्या सुमारें सोळा हजार आणि कल्याणची अकरा हजारांच्या आंत होती. ज्या कल्याणचें नांव कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कोरलेलें आहे, त्या पुरातन बंदराची ही अवस्था! आणि २०११ सालीं ठाणें महानगरपालिकेच्या हद्दींत १८,४१,४८८ व कल्याण-डोंबिवलीच्या हद्दींत १२,४७,३२७ माणसें मोजलीं गेलीं. दोन्ही मिळून तीस लाखांवर.

हीं माणसें आलीं कोठून, याचेंहि अर्धें उत्तर शेजारच्याच पानावर आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरली. तेव्हांच्या अखंड ठाणें जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटि १० लाखांवर चढली. (पालघर जिल्हा वेगळा झाला तो पुढें, १ ऑगस्ट २०१४ रोजीं.) उरलेलें अर्धें उत्तर आंकड्यांत नाहीं, तें वाचकानें इतिहासांतून भरून घ्यावयाचें आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर गिरणगांवाचा कणा मोडला, आणि परळ-लालबागची एक खोली सोडून अनेक घरांनीं दोन खोल्यांसाठीं रेल्वेची वाट धरली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर जीव मुठींत धरून निघालेल्या कितीएक मुसलमान कुटुंबांनीं मुंब्र्यास आसरा घेतला. त्याच्याहि आधीं, १९६२ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत ठाण्याच्या वागळे इस्टेटींत उभी राहिली. डोंबिवलीसहि कारखाने आले, आणि कोंकणांतून व घाटावरून माणूस थेट येथेंच कामास उतरूं लागला. म्हणजे कोणी सुखाच्या शोधांत आलें, कोणी भीतीनें आलें, कोणी पोटासाठीं आलें. कोष्टकानें या तिघांस एकाच बेरजेंत घातलें आहे. हा कोष्टकाचा स्वभावच होय; त्याबद्दल आम्ही त्यास दोष देत नाहीं. दोष देण्याजोग्या गोष्टी निराळ्या आहेत.

पहिला दोष सीमेचा. २००१ सालीं कल्याण-डोंबिवलींत ११,९३,५१२ लोक होते. दहा वर्षांनीं त्यांत अवघी साडेचार टक्क्यांची भर पडली. ठाणें शहर मात्र त्याच काळांत १२,६२,५५१ वरून शेंकडा ४६ नीं वाढलें. हे दोन आंकडे शेजारीं मांडून भोळा वाचक काय म्हणेल? ठाण्याची भरभराट झाली आणि डोंबिवली खुंटली, असेंच ना? डोंबिवलीच्या कोणत्याहि फलाटावर सकाळीं आठ वाजतां उभ्या राहिलेल्या माणसास हें अनुमान पटावयाचें नाहीं. आणि तोच बरोबर आहे. गोष्ट अशी कीं, १९८३ सालीं ही महानगरपालिका झाली त्या वेळीं तिच्या हद्दींत घेतलेलीं २७ गांवें २००२ सालीं वगळण्यांत आलीं, व २०१५ सालीं पुन्हां आंत घेण्यांत आलीं. म्हणजे २००१ च्या गणनेंत तीं शहरांत होतीं, २०११ च्या गणनेंत नव्हतीं. शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या या गांवांत त्याच दशकांत इमारतींमागून इमारती उठत होत्या. माणसें जागच्या जागीं होतीं. नकाशावरील रेघ तेवढी हलली. पण रेघेपलीकडे गेलेल्या घराचें पाणी, गटार, कचरा आणि रस्ता यांची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या रेघेबरोबरच लोंबकळत राहिला. ठाण्याच्या बाबतींत दोष उलट प्रकारचा आहे. तेथें घोडबंदर रस्त्यावरील मनोरे आणि मुंब्रा-दिव्याच्या दाटीच्या वस्त्या एकाच शेंकडेवारींत कालवल्या गेल्या आहेत. सरासरीचें पाणी सर्वांस सारखें मिळतें तें कागदावर, नळाला नव्हे.

दुसरा दोष वेळेचा. प्रत्येक खानेसुमारीस एक क्षण प्रमाण धरावा लागतो. २०११ सालीं तो १ मार्चच्या आरंभीची मध्यरात्र हा होता. देशाच्या दृष्टीनें ही सोय योग्यच आहे. परंतु उपनगर ही अशी वस्ती कीं, जी मध्यरात्रीं एक असते आणि मध्यान्हीं दुसरी. रात्रीं जो डोंबिवलीकर म्हणून मोजला जातो, तो दिवसां फोर्टांत, अंधेरींत, वांद्र्यास किंवा ऐरोलीस असतो. त्याच्या श्रमाचें फळ तेथील पेढीच्या हिशेबांत जमा होतें, आणि त्याच्या रात्रीच्या पाण्याचा व दिव्याचा भार तेवढा येथें राहतो. या गणनेनें शेती व घरगुती उद्योग सोडून अन्य काम करणाऱ्यांस दोन चांगले प्रश्न विचारले, हें आम्ही आनंदानें नमूद करितों: कामाचें ठिकाण घरापासून किती किलोमीटरांवर आहे, आणि तेथें जातां कशानें? पण उत्तराचे रकाने पाहावे. ‘३१ ते ५०’ असा एक रकाना आहे. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणें ३४ किलोमीटर आणि डोंबिवली ४८. म्हणजे फोर्टांत नोकरी करणारा ठाणेंकर आणि डोंबिवलीकर दोघेहि एकाच रकान्यांत! ठाण्याहूनच सुटणारी रिकामी गाडी ज्यास मिळूं शकते तो, आणि कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या गाडीच्या दारांत ज्यास पाऊल टेकवावयाचें असतें तो, यांत खानेसुमारीस कांहीं भेद दिसत नाहीं.

अंतर विचारलें, वेळ विचारला नाहीं. जाण्यायेण्याचे मिळून रोजचे तीन तास धरले आणि वर्षांत कामाचे तीनशें दिवस धरले, तर नऊशें तास होतात. म्हणजे अहोरात्रीचे साडेसदतीस दिवस. दर वर्षीं सव्वा महिना माणूस गाडींत उभा असतो, आणि त्याची नोंद कोणत्याहि कोष्टकांत होत नाहीं. त्या उभ्या माणसाचें पुढें काय होतें तें वर्तमानपत्रांत येतें. ९ जून २०२५ रोजीं सकाळीं मुंब्र्याजवळच्या वळणावर गाड्यांच्या दारांत उभे असलेले प्रवासी रुळांवर कोसळले, आणि निदान चौघांचे प्राण गेले. ठाणें व दिवा यांच्या दरम्यान पांचवा-सहावा मार्ग २०२२ च्या फेब्रुवारींत सुरू झालेला होता. तरी दारांतील गर्दी दारांतच राहिली. ज्या राज्यकर्त्यांच्या टेबलावर २०११ सालचा आंकडा असतो, त्यांस आजची गर्दी किती हें सांगावयाचें कोणीं?

तिसरा दोष सर्वांत खोल आहे. तो ‘काम’ या शब्दाच्या अर्थाचा. प्राथमिक गोषवाऱ्यांत काम करणाऱ्यांचे चार वर्ग केलेले आहेत: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग करणारे आणि इतर. खेड्यांच्या देशासाठीं बेतलेला हा अंगरखा उपनगरास चढवला, तेव्हां बहुतेक सारें गांव ‘इतर’ या एका बाहींत कोंबलें गेलें. बँकेंतला कारकून, रिक्षावाला, संगणकाचा अभियंता, रंगाच्या कारखान्यांतला मजूर, सारे ‘इतर’. अधिक तपशिलाचीं निराळीं कोष्टकें आहेत हें खरें. पण शहराचें वर्णन करूं जाणाऱ्याच्या हातीं प्रथम येतो तो हा गोषवारा, आणि पुष्कळदां शेवटींहि तोच. त्यामुळें या गांवांचें जें मोठें आर्थिक स्थित्यंतर झालें, तें त्यांत उमटतच नाहीं. ठाण्यास १९२५ सालीं निघालेली लोकरीची गिरणी बंद पडली, आणि तिच्या जमिनीवर आतां राहत्या घरांचे मनोरे आहेत. कल्याणजवळ मोहन्याचा रेयॉनचा कारखाना २००९ सालीं टाळेबंदीनें थांबला. घराशेजारीं पायीं जाऊन भोंग्याबरोबर काम धरणारा कामगार गेला, आणि त्या जागीं दूरच्या कचेरींत गाडीनें जाणारा नोकर आला. गोषवाऱ्यांत मात्र कालचा तो ‘इतर’ आणि आजचा हाहि ‘इतर’.

आणि काम न करणाऱ्यांची यादी पाहावी. विद्यार्थी, पेन्शनर, परावलंबी, भिकारी, आणि याच मालिकेंत गृहकृत्यें करणारी स्त्री! पहांटे साडेचारला उठून जी डबा भरते, मुलांस शाळेस धाडते, आजाऱ्याचें औषधपाणी पाहते, तिच्यावांचून साताची गाडी कोणासहि गांठतां येणार नाहीं. तरी ती ‘अकर्मी’. डोंबिवलींत गल्लोगल्लीं पोळी-भाजी केंद्रें आहेत. कामावरून परतणारी बाई तेथून मोजून पोळ्या घेऊन जाते, आणि तेथें त्या लाटणारी बाई आपल्या मजुरीवर घर चालवते. त्या केंद्रांत लाटली तर पोळी हें काम. तीच पोळी त्याच हातांनीं स्वतःच्या ओट्यावर लाटली तर तें काम नव्हे. या व्याख्येचा उपहास करावा असें आम्हांस वाटत नाहीं, कारण अर्थशास्त्रांत तिच्या मागें कांहीं विचार आहे. परंतु ज्या वस्तीचा सारा व्यवहार वेळेच्या टंचाईवर चालतो, तेथें कोणाच्या वेळेस किंमत आहे आणि कोणाच्या नाहीं, हें या व्याख्येनें परस्पर ठरवून टाकलें आहे.

येथवर वाचून आमचे साहित्यप्रेमी वाचक म्हणतील, ‘आंकड्यांकडून अधिक अपेक्षा कशाला? माणूस दाखवणें हें साहित्याचें काम.’ मान्य. पण साहित्यानें तरी तें पुरतेपणीं कोठें केलें आहे? येथें वाङ्मयाची परंपरा लहान नाहीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ चें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे डोंबिवलींत राहिले. अखिल भारतीय साहित्य संमेलन २०१० सालीं ठाण्यास आणि २०१७ सालीं डोंबिवलीस भरलें. तरी उपनगर म्हटलें कीं आमच्या डोळ्यांपुढें एकच मूर्ति उभी राहते: खांद्याला पिशवी लावलेला, पापभीरु, पांढरपेशा नोकरदार. २००५ सालच्या ‘डोंबिवली फास्ट’ या चित्रपटानें त्या मूर्तीस संताप दिला, आणि तो संताप खरा होता; पण मूर्ति तीच. ज्यांच्या भातखाचरांवर हीं नगरें उठलीं ते आगरी-कोळी, मुंब्र्याचें मुसलमान कुटुंब, दिव्याच्या चाळींतला उत्तरेकडचा सुतार, पोळ्या लाटणारी ती बाई, यांस आमच्या कथेच्या घरांत अद्याप ओसरीवरच बसवलेलें आहे. कोष्टकानें निदान त्यांचीं डोकीं मोजलीं. सहानुभूतीची मिरास सांगणाऱ्या लेखकांनीं तेवढेंहि न करावें, ही लाजेची गोष्ट आहे.

तेव्हां आमचा अभिप्राय असा. हा ग्रंथ प्रामाणिक आहे, उपयुक्त आहे, आणि अपुरा आहे. नव्या आवृत्तींत सीमा बदलल्या असल्यास जुन्या व नव्या दोन्ही हद्दींचे आंकडे शेजारीं छापावे, अंतराबरोबर वेळहि विचारावा, आणि उपनगराची दिवसाची वस्ती वेगळी मोजावी, एवढी सूचना आम्ही करितों. ती ऐकली जाईल कीं नाहीं हें आमच्या हातीं नाहीं. पण एक गोष्ट वाचकांच्या हातीं आहे. प्रचलित व्याख्येप्रमाणेंहि घरच्या धंद्यांत विनामोबदला राबणारी स्त्री काम करणारीच ठरते. मग शिकवण्या घेणारी, डबे देणारी, शिवणकाम करणारी ठरते हें सांगावयास नको. तरी दार उघडणारा पुरुष ‘घरींच असते’ असें सांगून मोकळा होतो, आणि गणक तसें लिहून घेतो. गणक दाराशीं येईल तेव्हां यजमानांनीं क्षणभर बाजूस व्हावें आणि तिला स्वतःस उत्तर देऊं द्यावें. नव्या ग्रंथांतील निदान एक ओळ तेवढ्यानें अधिक खरी होईल.